बिंदू प्रतलाच्या कोणत्या बाजूला आहे, हे कधी आणि कुठे तपासावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीसाठी तुम्ही पंपाच्या केसिंगचे त्रिमितीय मॉडेल दाखवणारा व्ह्यूअर लिहीत आहात, आणि त्यात एक छेद-प्रतल सरकवून कास्टिंगची (ओतीव भागाची) आतली बाजू, म्हणजे कोअरमुळे (साच्यात ठेवलेल्या वाळूच्या गाभ्यामुळे) तयार झालेली पोकळी आणि भिंतीची जाडी, दिसावी अशी अपेक्षा आहे. मॉडेल स्थिर असताना छेद बरोबर येतो, पण ते फिरवले की छेद भलतीकडे जातो. कॅमेरा पोकळीत नेला की पडद्यावर लांबच लांब त्रिकोण आडवे पसरतात. आणि अधूनमधून समोरचा मोठा सपाट भाग एकदम नाहीसा होतो. सोबत दिलेल्या तपासणीत तुम्ही प्रत्येक बिंदूचे एक्स, वाय आणि झेड डब्ल्यूने, म्हणजे प्रोजेक्शननंतर मिळणाऱ्या चौथ्या निर्देशकाने, भागून ते उणे १ ते १ यांच्या दरम्यान आहेत का हे पाहता, मग छेद-प्रतलाचे चिन्ह पाहता, आणि तिन्ही शिरोबिंदू बाहेर निघाले तर त्रिकोण टाकून देता.

वरवर पाहता हे तीन वेगळे दोष आहेत, पण तिन्ही एकाच सवयीतून येतात. बिंदूची तपासणी इतकी सोपी आहे की ती कोणत्या चौकटीत, म्हणजे कोणत्या निर्देशक-पद्धतीत, चालली आहे आणि तिचे उत्तर नेमके कशाविषयी आहे, हे विचारायचेच राहून जाते. उद्यमनगरातील पॅटर्न (साचा उठवण्यासाठीचा नमुना) बनवणाऱ्यांसाठी असे व्ह्यूअर लिहिताना मी स्वतः या तिन्ही ठिकाणी अडखळलो आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी मूळ तपासणी. प्रतलाचे समीकरण अ·एक्स + ब·वाय + क·झेड + ड = ० असे मांडले, तर (अ, ब, क) हा त्या प्रतलाचा अभिलंब, म्हणजे त्याला काटकोनात असलेली दिशा, असतो. डाव्या बाजूत बिंदूचे निर्देशक घातल्यावर येणारी संख्या धन असेल तर बिंदू अभिलंबाच्या बाजूला, ऋण असेल तर पलीकडे आणि शून्य असेल तर प्रतलावर आहे. अभिलंबाची लांबी १ असेल तर हीच संख्या चिन्हासह अंतर देते. लांबी १ नसेल तर अंतराची काही पट मिळते, पण चिन्ह बदलत नाही. त्यामुळे केवळ बाजू ठरवायची असेल तर वर्गमूळ काढून अभिलंब एकक करण्याची गरज नाही. ती गरज तेव्हाच पडते, जेव्हा त्या संख्येची तुलना एखाद्या त्रिज्येशी किंवा मिलिमीटरमधील सहनमर्यादेशी करायची असते.

आकड्यांत पाहू. अभिलंब (०.६, ०, ०.८) आणि प्रतल (५०, ०, ०) या बिंदूतून जाते, म्हणून ड = −३०; मापे मिलिमीटरमध्ये. पहिला बिंदू (१००, २०, ०) घातला की ६० − ३० = ३०, म्हणजे अभिलंबाच्या बाजूला; या बाजूला ‘आत’ म्हणू. दुसरा बिंदू (१०, २०, ५) घातला की ६ + ४ − ३० = −२०, म्हणजे बाहेर. या दोघांना जोडणारी कड प्रतलाला कुठे छेदते हे काढायला नवे काही लागत नाही, याच दोन संख्या पुरतात: ३० ÷ (३० + २०) = ०.६, म्हणजे पहिल्या बिंदूपासून दुसऱ्याकडे सहा दशांश अंतरावर. तो बिंदू (४६, २०, ३). पडताळा घ्या: २७.६ + २.४ − ३० = ०. म्हणूनच तपासणीतून केवळ ‘आत’ किंवा ‘बाहेर’ असे उत्तर परत करणारे फंक्शन लिहू नये. संख्या परत करावी, कारण पुढच्याच ओळीत ती लागते.

आता मॉडेल फिरवल्यावर छेद का हलतो ते पाहू. तुम्ही प्रतल ज्या निर्देशकांत दिले आहे ती मॉडेलची चौकट आहे, तर तपासणीला येणारा बिंदू मॉडेल-व्ह्यू मॅट्रिक्समधून (मॉडेल कॅमेऱ्यासमोर फिरवून-सरकवून ठेवणाऱ्या आकड्यांच्या कोष्टकातून) जाऊन कॅमेऱ्याच्या चौकटीत पोहोचलेला आहे. फिरवण्यापूर्वी त्या दोन चौकटी योगायोगाने जुळत होत्या, एवढेच. दोघांना एकाच चौकटीत आणणे हा उपाय उघड आहे. पण कोणत्या, हे ठरवण्यापूर्वी फाउंड्रीवाल्यांना एक गोष्ट विचारा: छेद कास्टिंगला चिकटलेला हवा आहे, की करवतीचे पाते जागेवर राहावे आणि कास्टिंग त्याखाली फिरावे तसा हवा आहे? ड्रॉइंगवर दाखवलेला छेद हा कास्टिंगला चिकटलेला असतो, आणि माझ्या अनुभवात दहापैकी नऊ वेळा लोकांना तोच हवा असतो. तसे असेल तर तपासणी मॉडेलच्या चौकटीतच करा: व्हर्टेक्स शेडरमध्ये (प्रत्येक शिरोबिंदूसाठी ग्राफिक्स कार्डावर चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) शिरोबिंदूचे मूळ, कोणत्याही मॅट्रिक्सने न गुणलेले निर्देशक घ्या, त्यांचा प्रतलाशी डॉट प्रॉडक्ट (म्हणजे वरच्या समीकरणाची डावी बाजू) काढा आणि तो पुढे पाठवा. पात्यासारखा छेद हवा असेल तर हेच काम जगाच्या चौकटीत करा. ओपनजीएल या ग्राफिक्स लायब्ररीच्या ३.० आवृत्तीपासून ही संख्या जीएल-क्लिपडिस्टन्स या चलात लिहिता येते; ती ऋण असलेला भाग हार्डवेअर स्वतः कापते, मात्र त्या क्रमांकाचे क्लिप-डिस्टन्स आधी चालू करावे लागते, आणि हे विसरल्यामुळे अर्धा दिवस घालवलेला मी एकटाच नसेन. ब्राउझरमधील वेबजीएलच्या मूळ संचात ही सोय नाही, त्यामुळे तिथे हीच संख्या फ्रॅगमेंट शेडरपर्यंत (प्रत्येक पिक्सेलसाठी चालणाऱ्या प्रोग्रॅमपर्यंत) नेऊन ऋण असल्यास तो पिक्सेल टाकून दिला जातो. थ्री-जेएस ही वेबजीएलवरची लायब्ररीसुद्धा आपली छेद-प्रतले अशाच रीतीने हाताळते.

जुन्या ओपनजीएलमधील जीएल-क्लिपप्लेन वापरलेला कोड तुमच्या हाती आला असेल, तर त्यातील एक खोच लक्षात ठेवा. ते फंक्शन ज्या क्षणी बोलावले जाते, त्या क्षणी चालू असलेल्या मॉडेल-व्ह्यू मॅट्रिक्सच्या व्यस्ताने प्रतल कॅमेऱ्याच्या चौकटीत नेऊन साठवते. म्हणजे तीच ओळ फिरवण्याच्या आज्ञेच्या आधी लिहिली की छेद जागेवर राहतो आणि नंतर लिहिली की कास्टिंगबरोबर फिरतो. कोडमध्ये एक ओळ वर-खाली झाली की वागणूक बदलते, आणि चुकीचे कुठेच काही दिसत नाही.

प्रतलच एका चौकटीतून दुसरीत न्यायची वेळ आली, तर बिंदूला लावलेले मॅट्रिक्स त्याला जसेच्या तसे लावता येत नाही. बिंदू मॅट्रिक्सने गुणले जात असतील तर प्रतलाचे चार सहगुणक त्या मॅट्रिक्सच्या व्यस्ताच्या परिवर्ताने, म्हणजे इन्व्हर्स-ट्रान्सपोजने, गुणावे लागतात. केवळ फिरवणे असेल तर अभिलंबापुरते दोन्हींचे उत्तर एकच येते, म्हणून ही चूक वर्षानुवर्षे लपून राहते. एक्स आणि झेडच्या पटलावर पाहा: (१, १) या दिशेने जाणाऱ्या रेषेचा अभिलंब (१, −१). आता एक्स दुप्पट केला की रेषेची दिशा (२, १) होते; अभिलंबही तसाच ताणून (२, −१) केला तर डॉट प्रॉडक्ट ४ − १ = ३ येतो, म्हणजे तो अभिलंब उरलाच नाही. व्यस्ताने गेलात तर (०.५, −१) मिळतो आणि १ − १ = ० होते. तुम्ही म्हणाल, कास्टिंग कोण एका दिशेने ताणतो? पॅटर्नवाला ताणतो. ग्रे आयर्न थंड होताना साधारण १ टक्का आकसते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करतात. आणि जिथे कोअर आकसण्याला अडवतो त्या दिशेला कमी अलाउन्स (आकसण्यासाठी ठेवलेली वाढ) धरण्याची पद्धत आहे. असे तिन्ही अक्षांना वेगवेगळे स्केलिंग लावलेले मॉडेल तुमच्याकडे आले, तर चुकीच्या अभिलंबाने कलणारा छेद अंशाच्या काही भागानेच कलतो. पडद्यावर तो बरोबरच दिसतो. जाडी मोजणारा माणूस मात्र फसतो.

दुसरा दोष, म्हणजे पोकळीत शिरल्यावर पसरणारे त्रिकोण, डब्ल्यूच्या भागाकारातून येतो. प्रोजेक्शन मॅट्रिक्समधून बाहेर पडणाऱ्या बिंदूला चार निर्देशक असतात, आणि नेहमीच्या पर्स्पेक्टिव्हमध्ये डब्ल्यू म्हणजे कॅमेऱ्यापासून समोरच्या दिशेने मोजलेले अंतर. बिंदू कॅमेऱ्याच्या मागे असेल तर हे अंतर ऋण होते. समजा कॅमेऱ्याचा दृश्यकोन ९० अंशांचा आहे आणि एक बिंदू कॅमेऱ्यापासून उजवीकडे २ आणि समोर ४ एककांवर आहे: एक्स = २, डब्ल्यू = ४, भागाकार ०.५, म्हणजे पडद्याच्या उजव्या अर्ध्या भागात. आता दुसरा बिंदू घ्या, तितकाच उजवीकडे पण ४ एकके मागे: एक्स = २, डब्ल्यू = −४, भागाकार −०.५. डोक्यामागचा हा बिंदू पडद्याच्या डाव्या अर्ध्या भागात ‘आत’ आहे असे तुमची तपासणी सांगते. झेडही तपासला तर एकटा बिंदू बहुधा तिथे पकडला जातो, कारण मागच्या बिंदूंसाठी झेड भागिले डब्ल्यू हे १ च्या वर निघते. पण पडद्यावर नावांच्या चिठ्ठ्या लावताना लोक केवळ एक्स आणि वाय पाहतात, आणि मग मागे राहिलेल्या फ्लँजचे नाव समोर तरंगू लागते. कडेच्या बाबतीत झेडही वाचवत नाही. एक टोक समोर आणि एक मागे असलेली कड आधी भागून मग जोडली, की ती खऱ्या जागेतून न जाता उलट्या बाजूने पडद्यावर पसरते. तुमचे लांबलचक त्रिकोण ते हेच.

म्हणून तपासणी भागाकारापूर्वी करायची: −डब्ल्यू ≤ एक्स ≤ डब्ल्यू, वायसाठी तसेच, आणि झेडसाठी ओपनजीएलच्या रूढ पद्धतीत −डब्ल्यू ≤ झेड ≤ डब्ल्यू. वरच्या मागच्या बिंदूसाठी २ ≤ −४ हे खोटे आहे, म्हणून तो लगेच बाहेर जातो. डायरेक्टथ्रीडी, व्हल्कन आणि मेटल या इतर ग्राफिक्स लायब्ररींत झेडची खालची मर्यादा −डब्ल्यू नसून ० आहे. एका ठिकाणचा कोड दुसरीकडे उचलताना हे बदलायचे राहिले तर कॅमेऱ्याजवळची एक पट्टी चुकीने कापली जाते किंवा चुकीने राहते. हे प्रत्येक बंधन म्हणजे चार निर्देशकांतले एक प्रतलच आहे: डब्ल्यू − एक्स ही संख्या धन असेल तर बिंदू उजव्या प्रतलाच्या आत, डब्ल्यू + एक्स धन असेल तर डाव्या प्रतलाच्या आत. छेदनबिंदू काढण्याचे वरचे सूत्रही इथे तसेच चालते. फक्त चारही निर्देशक मिसळायचे आणि भागाकार सर्वांत शेवटी करायचा. जिम ब्लिन आणि मार्टिन न्यूएल यांनी १९७८ मध्ये होमोजिनियस (म्हणजे डब्ल्यूसह चार) निर्देशकांत कापण्याची ही रीत नीट मांडून दाखवली आणि आजही तीच पायाभूत आहे.

तिसरा दोष तपासणीचा नाहीच, तो तिच्या उत्तरातून काढलेल्या निष्कर्षाचा आहे. डॅनी कोहेन आणि आयव्हन सदरलंड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत प्रत्येक शिरोबिंदूला सहा बिटांचा संकेत देतात, दृश्याच्या सीमा ठरवणाऱ्या प्रत्येक प्रतलासाठी एक बिट, बाहेर असेल तर १. सर्व शिरोबिंदूंच्या संकेतांचा ‘ऑर’ (कुठल्याही संकेतात १ असेल तर १) शून्य आला तर त्रिकोण पूर्ण आत आहे. ‘अँड’ (सर्व संकेतांत १ असेल तरच १) शून्याहून वेगळा आला तर सर्व बिंदू एकाच प्रतलाच्या बाहेर आहेत आणि त्रिकोण निःशंक टाकता येतो. या दोन्हींपैकी काहीच नसेल तर बिंदूंवरून निर्णय होत नाही, प्रत्यक्ष कापून पाहावे लागते. तुम्ही मात्र तिन्ही बिंदू ‘कुठल्यातरी’ प्रतलाबाहेर आहेत एवढ्यावर त्रिकोण टाकला. केसिंगच्या बेसचा सपाट तळ बहुधा दोनच मोठ्या त्रिकोणांचा असतो. कॅमेरा त्याच्या जवळ गेला की एक शिरोबिंदू डावीकडे बाहेर, दुसरा उजवीकडे बाहेर, तिसरा वर बाहेर, आणि त्रिकोणाचा मधला भाग मात्र सगळा पडदा भरून असतो. रंकाळ्याचे चारही कोपरे खिडकीतून दिसत नाहीत म्हणून खिडकीसमोर पाणी नाही असे म्हणण्यासारखे हे आहे.

प्रत्यक्ष कापण्यासाठी आयव्हन सदरलंड आणि गॅरी हॉजमन यांची १९७४ मधील पद्धत पुरेशी आहे: बहुभुज एका प्रतलाने कापायचा, जे उरेल ते पुढच्या प्रतलाकडे द्यायचे. त्यात एक काळजी घ्या, जी पुस्तकांत क्वचितच सापडते. शेजारच्या दोन त्रिकोणांची सामाईक कड एकात एका दिशेने चालली जाते आणि दुसऱ्यात उलट दिशेने. छेदनबिंदू काढताना प्रत्येक वेळी चालीच्या दिशेनेच गणित केले तर दोन्ही उत्तरे शेवटच्या एखाद्या बिटात वेगळी येतात आणि कापलेल्या कडेवर केसासारख्या फटी चमकतात. गणित नेहमी आतल्या बिंदूकडून बाहेरच्या बिंदूकडे करा. मग दोन्ही त्रिकोणांना तंतोतंत तोच बिंदू मिळतो.

शून्याचे काय करायचे, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण लवकरच पुढे येईल. केसिंगचा अर्धा भाग काढून तो मिरर करण्याची पद्धत असल्यामुळे मधल्या प्रतलावर शेकडो शिरोबिंदू नेमके बसलेले असतात, आणि फाउंड्रीला छेद हवा असतो तोही नेमका तिथेच, पार्टिंग लाइनवर, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात त्या रेषेवर. मॉडेलच्या चौकटीत एक्स = ० या प्रतलासाठी त्या बिंदूंची संख्या काटेकोर शून्य येते; कॅमेऱ्याच्या चौकटीत फिरवून तपासले तर तीच कधी किंचित धन, कधी किंचित ऋण येते आणि छेदाची कड मॉडेल फिरेल तशी लुकलुकते. अशा वेळी लोक लगेच एखादा एप्सिलॉन, म्हणजे छोटी सहनमर्यादा, घालतात. मला तो शेवटचा उपाय वाटतो. आधी तपासणी योग्य चौकटीत आणावी आणि ‘शून्य म्हणजे आत’ हा एकच नियम सगळीकडे पाळावा. कापल्यावर कास्टिंग पत्र्याचे असल्यासारखे पोकळ दिसते, ते स्टेन्सिल बफरने (प्रत्येक पिक्सेलसाठी खूण ठेवणाऱ्या बफरने) भरून काढता येते. मात्र त्यासाठी मेश (त्रिकोणांची जाळी) कुठेही फाटलेली नसावी लागते, आणि बाहेरून आलेल्या एसटीएल फाइलींबद्दल तशी खात्री देता येत नाही.

एक शेवटची जागा अंकांच्या अचूकतेची. मिलिमीटरमधल्या कास्टिंगला तिचा त्रास होत नाही: ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये १००० च्या किंचित खाली दोन लगतच्या संख्यांतले अंतर सुमारे ०.००००६ असते. पण पंचगंगेच्या पुराचे एक प्रात्यक्षिक करताना मी यात सापडलो. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी दाखवणारी आडवी प्रतले अगदी स्थिर होती. नदीचा उभा छेद दाखवणारे तिरपे प्रतल मात्र कॅमेरा हलला की थरथरत होते. भूभाग यूटीएम या मीटरमधल्या नकाशा-निर्देशक पद्धतीच्या ४३ उत्तर झोनमध्ये होता आणि कोल्हापूरचा नॉर्दिंग (उत्तरेकडचा निर्देशक) साडेअठरा लाख मीटरच्या आसपास येतो. या आकाराच्या संख्येला फ्लोटमध्ये पायरी १२.५ सेंटिमीटरची असते. ईस्टिंग (पूर्वेकडचा निर्देशक) सुमारे ४ लाख असल्याने त्याची पायरी ३ सेंटिमीटरहून थोडी अधिक. आडव्या प्रतलात अ आणि ब शून्य असल्यामुळे हे मोठे आकडे गणितात येतच नव्हते. तिरप्या प्रतलात लाखांतून लाख वजा होऊन काही मीटर उरायचे होते, आणि उरत होती ती राउंडिंगची चूक. स्थानिक आरंभबिंदू डबलमध्ये (६४ बिटांत) प्रत्येक शिरोबिंदूतून वजा केला, नवा ड म्हणजे जुना ड अधिक अभिलंब आणि त्या आरंभबिंदूचा डॉट प्रॉडक्ट, हाही डबलमध्येच काढला, आणि मगच सगळे ग्राफिक्स कार्डकडे पाठवले, तेव्हा थरथर थांबली.

तुमच्या कोडमध्ये दुरुस्ती करताना आधी डब्ल्यूचा भागाकार तपासणीच्या खाली सरकवा, कारण तो वर असेपर्यंत संकेतांचे ‘अँड’ आणि ‘ऑर’ही चुकीच्या चिन्हांवर चालतील आणि नवा दोष कुठला, जुना कुठला, हे कळणार नाही. त्यानंतर वरचे दोन बिंदू, (१००, २०, ०) आणि (१०, २०, ५), त्याच प्रतलासह हाताने घालून पाहा: मॉडेल कसेही फिरवले तरी ३० आणि −२० हेच आकडे आले पाहिजेत.